परिचारिकेची पदवी

पेणला किंवा रोह्याला एखाद्या घरात बारावी झालेली मुलगी नर्सिंगचं नाव काढते, तेव्हा घरची मंडळी आधी विचारतात, "किती वर्षं?" पदवीला चार, असं तिनं सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग तीन वर्षांच्या पदविकेत काय वाईट आहे?" प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे जुना इतिहास आहे.

पूर्वी परिचारिका शिकायला जात नसे; ती कामाला लागे आणि काम करता करता शिके. रुग्णालयाने राहायला जागा द्यावी, जेवण द्यावे, थोडेफार विद्यावेतन द्यावे, आणि तिने रात्रपाळ्या कराव्यात, असा तो व्यवहार. गरिबाला तो सोयीचा होता, हे नाकारून चालणार नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने 1911 साली ससून रुग्णालयात शिक्षणासाठी स्त्रिया पाठवल्या, तेव्हा घरचा आधार तुटलेल्या बाईला हाच मार्ग परवडण्यासारखा होता. लोकांनी नावं ठेवली ती वेगळीच! पण वॉर्डात माणसे कमी पडली की बुडायचा तो शिकवणीचा तास. विद्यार्थिनी आणि स्वस्तातली मोलकरीण यांतली रेघ फार पुसट होती.

1943 साली रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच वर्षी सरकारने भोर समिती नेमली. 1946 च्या तिच्या अहवालाप्रमाणे त्रेचाळीस हजार माणसांमागे परिचारिका एक! परिचारिकांना विद्यापीठाची पदवी मिळावी, असेही समितीने सुचवले. त्याच साली दिल्लीला आणि वेल्लोरला पदवीचे वर्ग सुरू झाले.

मुंबईत हे काम महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने केले. 1916 साली पाच विद्यार्थिनींवर सुरू झालेले हे लहानसे विद्यापीठ. त्याला कायद्याची मान्यता मिळायला 1951 उजाडले. तिथे 1964 साली लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. शरीररचना, जंतुशास्त्र, मानसशास्त्र हे विषय आता विद्यापीठाच्या परीक्षेचे झाले, आणि वॉर्डातले काम अभ्यासाचा भाग ठरले. माझ्या मते खरा पालट हाच.

मात्र रोह्याच्या मुलीला मुंबई तेव्हा लांब होती. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते; ते 1981 पासून रायगड झाले. एस.टी. पकडा, नाहीतर धरमतरहून बोट. रोह्यापर्यंत आगगाडी आली ती 1986 साली. 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि इतर महाविद्यालयांची नर्सिंगची पदवी त्याच्याकडे गेली.

2024 पर्यंत फी मात्र बहुधा घरातूनच भरावी लागे, आणि शेतावर पोट असलेल्या घराला चौथं वर्ष जड जातं. म्हणून घरच्यांचा तो प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. एवढंच सांगतो, की पदविकेनंतर पदवी हवी झाली, तर आणखी दोन वर्षं लागतात. तीन आणि दोन पाच.