आगीनं होरपळलेली जमीन पुन्हा पिकती कशी करायची?

अणदूर (ता. तुळजापूर) : उन्हाळा आला की बांध अन् उसाचं पाचट पेटवणं सुरू होतं. वारं सुटलं की आग शेजारच्या वावरात, परसबागेत शिरते. दोन वर्षांखाली माझ्या लिंबाच्या चार ओळी अशाच होरपळल्या. तेव्हा केलेलं काम इथं देतोय.

आधी फोटो, पंचनामा : साफसफाईआधी मोबाईलवर फोटो काढा, तलाठ्याला कळवा.

नुकसान ओळखा : राख काळी असेल तर आच कमी लागली, बहुतेक वरचा इंच-दोन इंच थरच भाजतो. राख पांढरी अन् माती तांबूस झाली असेल तर आच खोल गेली. लाकडाचा ढीग जळाला तिथं असं होतं. मातीवर पाणी टाकून बघा. थेंब वरच राहिले तर माती पाणी धरत नाही.

राख मिसळू नका : राखेत पालाश असतं, पण ती खारी असते. आपली काळी जमीन आधीच चोपण-विम्ल बाजूची, त्यात चुना तर अजिबात नको. जाड थर गोळा करून उकिरड्यावर पातळ पसरा. ठिबकच्या जळालेल्या नळ्या वेचून काढा.

जमीन झाका : नांगरट लगेच नको. वरचा थर हलका मोकळा करून पाला, कडबा अंथरा. थोडं थोडं पाणी द्या. उतार असेल तर पावसाआधी आडवे बांध घाला, नाहीतर पहिल्याच पावसात माती वाहून जाते.

खत : आगीत नत्र अन् गंधक धुरावाटे जातं. कुजलेलं शेणखत एकरी 4 ते 5 टन, म्हणजे गुंठ्याला सव्वाशे किलोपर्यंत द्या. पाऊस पडला की ताग किंवा धैंचा पेरा, गुंठ्याला अर्धा किलो बी. 45-50 दिवसांनी फुलावर येताना गाडा.

झाडं : लगेच तोडू नका. साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जीव आहे. पावसाळ्यापर्यंत थांबा, मग वाळलेलं छाटून बोर्डो पेस्ट लावा.

माती तपासणी : पुढच्या पेरणीआधी राख बाजूला सारून 15-20 सेंमी खोलीचा नमुना घ्या.

अन् पाचट जाळू नका. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी दिलं तर तेच पाचट खत होतं.