तट पाडला, जमीन विकली, हायकोर्ट उभे राहिले

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा सोसायटीत पुनर्विकासाचीच चर्चा चालू होती. सोसायटी पंचवीस वर्षांची असली तरी इमारत त्याहून जुनी. जादा फ्लॅट बाजारात विकायचे आणि त्या पैशातून आपल्याला नवी घरे, असा एकूण हिशेब. मुंबई सरकारने दीडशे वर्षांपूर्वी असाच हिशेब मांडला होता, तो सांगतो.

१८६२ साली सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर झाले. कोटातल्या गर्दीला तटाची नुसती अडचण होत होती. त्यांनी तट पाडायला घेतला. अपोलो गेट, चर्चगेट, बझारगेट, तिन्ही दरवाजे गेले. चर्चगेटचे नाव तेवढे स्टेशनाला राहिले. मोकळी झालेली जमीन भूखंड पाडून विकायची आणि आलेला पैसा रस्ते व सरकारी इमारतींना लावायचा, अशी योजना होती. शेजारी म्युनिसिपालिटीनेही तेच केले. आज आपण ज्याला हॉर्निमन सर्कल म्हणतो ती जागा तिने घेतली आणि व्यापारी पेढ्यांना प्लॉट पाडून नफ्यात विकली.

गिऱ्हाईक मिळाले कारण अमेरिकेत १८६१ पासून यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर आल्या. पैसा नुसता वाहत होता. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरवर लोक तुटून पडले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव बसला आणि १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा भलेभले बुडाले. जमिनीचे भावही कोसळले.

मला यात सगळ्यात लागते ती बँक ऑफ बॉम्बेची गोष्ट. सरकारचे भागभांडवल असलेली बँक, पण तिने शेअर तारण ठेवून कर्जे वाटली. तारणच कागद झाले! १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली. उभी हयात तारणाचे कागद तपासण्यात गेलेल्या माणसाला हे वाचवत नाही.

आजही बीकेसीतले भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन एमएमआरडीए तो पैसा मोठ्या कामांना वापरते. कॅडबरी जंक्शनवरचे मेट्रोचे खांब बघताना मला फ्रिअरसाहेबच आठवतात. पद्धत वाईट नाही, फक्त बाजार कधी बसेल ते आपल्या हातात नसते. म्हणून विशेष सभेत मी एवढेच मागणार आहे, की बँक गॅरंटी हातात पडल्याशिवाय एकाही सभासदाने किल्ली द्यायची नाही.

फ्रिअर १८६७ मध्ये परत गेले. मोठ्या इमारती त्यांच्या मागून पुऱ्या झाल्या. जुने सेक्रेटरिएट १८७४ मध्ये, हायकोर्ट १८७८ मध्ये. हायकोर्टाला मंजुरी होती १६,४७,१९६ रुपयांची, खर्च झाला १६,४४,५२८. म्हणजे २,६६८ रुपये चक्क उरले. आमच्या जिन्याच्या रंगकामातसुद्धा असे कधी झालेले नाही.