जीप, जोंगा आणि आजची थार: इंदूरकराच्या नजरेतून

मागच्या आठवड्यात गटात होळकरांच्या मोटारींचे फोटो आले, खाली कौतुकाचा पाऊस पडला. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्ग मागवली, तिच्यावर इंग्लंडच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली, रंग भगवा आणि काळा. सुंदर गाडी, वाद नाही. पण ती माणिकबागेतली गोष्ट झाली. आपल्या घरांचा, म्हणजे रामबाग, नारायणबाग, स्नेहलतागंजातल्या मंडळींचा खरा संबंध आला तो जीपशी. तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

महिंद्रांच्या कंपनीची सुरुवात १९४५ची. तेव्हाचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये नावातला मोहम्मद जाऊन दुसरा महिंद्रा आला. १९४७ पासून मुंबईत विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली होती. युद्धातली ती मूळ विलिस किती लहान होती, बघा: लांबी सव्वातीन मीटरच्या थोडी वर, रुंदी सुमारे १५७ सेंटिमीटर. काच पुढे बॉनेटवर आडवी पडायची, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. चाकांवरचे पंखे सपाट, कारण पत्रा वाकवायला वेळच नव्हता. आज ज्याला आपण ‘रेट्रो लुक’ म्हणून पैसे मोजतो, ती तेव्हा निव्वळ घाई होती!

आपल्याकडे महू जवळ, त्यामुळे लष्करी गाड्या पाहतच आम्ही मोठे झालो. जोंगा आठवते का? पुष्कळांना ते नाव आफ्रिकेतलं वाटतं. ती आपल्याच मध्य प्रदेशातली, जबलपूरच्या कारखान्यातली. नावातला ‘ज’सुद्धा जबलपूरचाच. मूळ निसान पेट्रोलचं डिझाइन, पुढे सहा सिलिंडरचं इंजिन. लष्कराने लिलावात काढल्यावर काही जणांनी घेतली, आणि मग घरात रोज पेट्रोलच्या बिलावरून भांडण.

आमच्याकडे आली ती एमएम ५४०. काकांची शेती सांवेरच्या बाजूला, आणि माळव्याची काळी माती पावसाळ्यात काय करते हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. चिखल चाकाला नुसता लागत नाही, पंख्याच्या आत भरत जातो, भरत जातो आणि शेवटी चाकच थांबतं. मग पहार घ्यायची, उतरायचं, खरवडायचं. जीपचे पंखे उघडे, हात सरळ आत जायचा. १९९१च्या पावसाळ्यात आमच्या चुलत बहिणीला शेतावर असतानाच कळा सुरू झाल्या. पक्की सडक चार किलोमीटरवर. बैलगाडी पहिल्या नाल्यातच रुतली. काकांनी लो गिअर टाकला आणि ते चार किलोमीटर दीड तासात काढले. मी पहार घेऊन मागे, काकू ताईचं डोकं मांडीवर घेऊन बाकावर. इंदूरला पोहोचल्यावर अर्ध्या तासात भाचा झाला. तो आता चौतीस वर्षांचा आहे आणि मला म्हणतो, “मामा, ती भंगारात द्या आणि रॉक्स बुक करा.”

त्याचं अगदीच चुकीचं नाही, हेही सांगतो. २०२०च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार तारे मिळाले, रॉक्सला भारत एनकॅपमध्ये पाच. आमच्या जीपला चाचणीला नेलं असतं तर तारे दिसले असते, पण बसणाऱ्याला. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर पट्टा नाही, दार नाही, कोपऱ्यावर वळलं की माणूस माणसावर. गप्पांना मजा यायची, पण नातवंडांना तिथे बसवायला आज माझा जीव होत नाही. आणि बॉनेट एवढं उंच का, असं आपण कुरकुरतो, त्याचंही एक कारण आहे. पायी चालणाऱ्याचं डोकं आपटलं तर पत्र्याखाली दबायला जागा हवी, लगेच इंजिन नको.

माझी तक्रार वेगळी आहे. थारचे आकडे चांगलेच आहेत: जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. चोरलच्या नाल्यात मजेत उतरेल. पण २०२३ पासून तीच थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. चार मीटरच्या आत लांबी आणि दीड लिटरच्या आत डिझेल इंजिन असलं की कर कमी. २००६ पासूनचा हा हिशेब. म्हणजे रूप जंगलाचं आणि मोजमाप कर खात्याचं. घ्यायला हरकत नाही, विजयनगर ते राजवाडा जायला चारही चाकांची ताकद लागतच नाही. पण मग राजवाड्यामागच्या गल्लीत १८२ सेंटिमीटर रुंदीची गाडी घालून दुसऱ्याला हॉर्न मारू नये, एवढंच. रॉक्स तर १८७.

रूपाचा मोह एवढा की त्यावर खटला झाला. महिंद्राने अमेरिकेत रॉक्सॉर विकायला काढली, तर जीपचे तेव्हाचे मालक फियाट क्रायस्लर भांडायला उभे, की हा चेहरा आमचा. २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने जुन्या रूपातली रॉक्सॉर थांबवली, पुढचं तोंड बदलल्यावर सुटका. सत्तर वर्षं रीतसर परवान्यापासून सुरू झालेलं घराणं, आणि भांडण कशाचं, तर नाकाडोळ्यांचं!

खरं कच्च्या रस्त्याचं काम आज कोण करतं? पीथमपूरला बनणारी ट्रॅक्स, तीच तूफान आणि क्रूझर. झाबुआ, अलीराजपूरकडे जाऊन बघा, माणसं, पोती, कोंबड्या, सगळं तिच्यात. तिचा फोटो कोणी स्टेटसला ठेवत नाही. त्याच पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक, २०२१ मध्ये उद्घाटन झालं. देशभरच्या गाड्या आपल्या अंगणात येऊन परीक्षा देतात, आणि इंदूरच्या निम्म्या लोकांना पत्ता नाही.

आमची ५४० अजून चालते. एप्रिल २०२२ पासून जुन्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, ती भरली. भाचा म्हणाला, एवढ्यात नवीन टायर आला असता. आमचे मिस्त्री मात्र म्हणतात, “भिया, इसमें है ही क्या जो बिगड़े?” काका गेले, शेताचा रस्ताही आता डांबरी झाला, म्हणजे तसं तिला काम उरलेलं नाही. तरी पुढचं नूतनीकरण आलं की घरात पुन्हा बैठक बसणार, आणि माझं मत ठेवायच्या बाजूने. ताईचंही.

तुमच्या घरी विलिस, सीजे किंवा जोंगा असेल तर फोटो टाका. नंबरप्लेट झाका, पण साल आणि कोणत्या मोहल्ल्यातली ते जरूर लिहा.