घराघरांत वाचलेले पुराण

गेल्या प्रायश्चित्तकाळात आम्ही आसनगावला एका कुटुंबात जपमाळेसाठी गेलो होतो. घरकर्ता नोकरीसाठी रोज मुंबईला जाऊन येणारा. रात्रीच्या लोकलने परततो तेव्हा मुले निजलेली असतात. म्हणून या घराने रविवारची संध्याकाळ राखून ठेवली आहे. जपमाळ आटोपली की प्रत्येकाने आपल्या आवडत्या पुस्तकातील पान-दोन पाने इतरांना वाचून दाखवायची. वसईहून आलेल्या आजीला अक्षरओळख नाही. ती केवळ ऐकते. परंतु कोणते पुस्तक पुढे चालू ठेवायचे याचा निर्णय बहुधा तीच देते. त्या घरातील थोरल्या मुलाने आम्हांला विचारले, "फादर, असं एकत्र वाचणं आपल्या लोकांत पूर्वी होतं का? की शेजाऱ्यांच्या पोथीवरून आपण ते उचललं?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेच आहे, आणि ते सांगण्यासाठी चारशे वर्षे मागे जावे लागते.

थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय इंग्रज धर्मगुरू २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले. १६१९ मध्ये त्यांना मृत्यू आला; मधल्या काळातील त्यांचे बहुतेक कार्य साष्टीत झाले. (ही साष्टी गोव्यातली, ठाण्याच्या खाडीपलीकडची आपली नव्हे.) तेथील नवख्रिस्ती लोकांना एक उणीव जाणवत होती. पूर्वी पोथी लागे, घरचे व शेजारचे गोळा होत, एक वाची आणि बाकीचे ऐकत. धर्मांतरानंतर पोथ्यांना बंदी झाली. संध्याकाळ मात्र तशीच उरली. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी कवीच सांगतो की, एका श्रोत्याने धर्मगुरूंपुढे ही व्यथा मांडली : जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही?

हा प्रश्न आम्हां धर्मगुरूंनी अधूनमधून आठवावा असा आहे. घरातून एखादी गोष्ट काढून घेणे आम्हांला सोपे जाते. तिच्या जागी काय ठेवणार, याचा विचार आम्ही उशिरा करतो. स्टीफन्स यांनी मात्र तो केला. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. भाषा मराठी, अधूनमधून कोंकणी शब्दांची पेरणी, आणि घाट पुराणाचा. म्हणजे मोठ्याने म्हणण्याजोगा, कानाने धरून ठेवण्याजोगा. देशी अक्षरांचे खिळे पाडून छपाई व्हावी अशी त्यांची इच्छा होती आणि १६०८ च्या एका पत्रात त्यांनी ती वरिष्ठांना कळवली होती. ते साधले नाही. १६१६ मध्ये राशोल येथे ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत.

पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. २७ जून १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील लोकांना तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा केली. अशा वातावरणात मराठी ओव्यांचा ग्रंथ नामशेष व्हावयाचा. पण तो झाला नाही. लोकांनी तो हाताने उतरवून घेतला होता. चर्चमध्ये तो वाचला जाई तसाच घरीही वाचला जाई, आणि गोव्यातून दक्षिणेकडे मंगळूरच्या परिसरात गेलेल्या कुटुंबांनी सामानसुमानाबरोबर तोही नेला. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये तेथील ख्रिस्ती जनांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले तेव्हा याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, अशी मंगळूरकरांची परंपरा सांगते.

जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला तो अशा हस्तलिखितांच्या आधारे. ज्यांच्या माजघरांत त्या वह्या जपल्या गेल्या त्या स्त्रीपुरुषांची नावे कोणत्याही मुखपृष्ठावर नाहीत. पुढे जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्यांनी लंडनच्या मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली आणि २००९ मध्ये सलेशियन धर्मगुरू नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठीतील गद्यानुवादासह संपूर्ण ग्रंथ वाचकांच्या हाती दिला.

कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे गेले की आणखी एक वाचते घर आठवते. ते टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते; ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. मुलगा देवदत्त वडिलांच्या आठवणी मागत राहिला, त्यातून 'स्मृतिचित्रे' झाली. आमचा पंथ निराळा. पण मराठी ख्रिस्ती घरात यापेक्षा गोड पुस्तक आम्ही पाहिलेले नाही.

सेमिनरीत असताना आम्ही ख्रिस्तपुराण वाचले ते परीक्षेपुरते, मुकाट्याने, शब्दार्थांची यादी शेजारी ठेवून. खरे सांगायचे तर ते रुचले नव्हते. आसनगावच्या घरी पुढल्या रविवारी आम्ही फादर फलकावांची आवृत्ती नेली आणि काना गावच्या लग्नाची कथा मोठ्याने वाचावयास घेतली. जेथे आम्ही अडखळत होतो तेथे आजी मान डोलावत होती. थोरल्या मुलाने स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलेले एका ओवीत पाहिले व हरकत घेतली, "फादर, हे आपल्याकडे कसं?" आम्ही स्टीफन्स यांच्या शब्दयोजनेविषयी काही सांगणार, इतक्यात आजी म्हणाली, "अरे, ज्याला सांगायचं त्याला कळेल असंच सांगणार ना तो? पुढं वाच."

त्याने पुढे वाचले. त्या रात्री धाकट्या बहिणीच्या गोष्टीच्या पुस्तकाची पाळी राहून गेली, म्हणून ती रुसली. पुढच्या खेपेस सुरुवात तिच्यापासून करण्याचे ठरले. आमची प्रत अजून त्याच घरी आहे. दुसऱ्या पुराणाच्या मध्यापर्यंत आले आहेत, असा निरोप मागच्या आठवड्यात आला.