बर्फाचा नांगर आणि क्षेमाचा इतिहास

यंत्रांचा इतिहास म्हटला की आपण बहुतेक वेळा शोधांचाच इतिहास सांगतो. कुणी, कुठल्या साली, काय शोधून काढलं, एवढं सांगितलं की झालं. ते यंत्र पुढं चाळीस-पन्नास वर्षं चालू कुणी ठेवलं, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आज आपण तो विचारणार आहोत, आणि तोही एका अगदी ओबडधोबड यंत्राबद्दल.

ट्रकच्या तोंडाला एक लांबरुंद, वक्र लोखंडी पातं लावायचं आणि रस्त्यावरचा बर्फ बाजूला ढकलायचा. अमेरिकेत याला स्नो-प्लाऊ म्हणतात. प्लाऊ म्हणजे आपला नांगरच. शिकागो, बॉस्टन, न्यू जर्सीहून जे ऐकताहेत त्यांना या नांगराची पहाटेची खरखर रोजची आहे. इकडे बसलेल्यांनी जेसीबीचं पुढचं बकेट डोळ्यांसमोर आणावं; फरक इतकाच, की हे पातं उचलण्यासाठी नाही, तिरकं धरून लोटण्यासाठी आहे.

गंमत अशी, की रस्त्यावरचा बर्फ ही अडचणच आहे, असं माणसांना नेहमी वाटत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडच्या गावांमध्ये हिवाळ्यात चाकं काढून ठेवत आणि गाडीला घसरपट्ट्या लावत. घोड्यांची घसरगाडी बर्फावरून चाकांच्या गाडीपेक्षा सुखानं पळायची. मग बर्फ काढायचा कशाला? उलट मोठाले रूळ फिरवून तो दाबून घट्ट करत. लाकडी छपराच्या पुलांवर आतमध्ये बर्फ पडत नाही, म्हणून तिथं बाहेरून आणून टाकत! म्हणजे बर्फ हाच रस्ता होता. ‘साफ रस्ता’ ही कल्पनासुद्धा इतिहासात जन्माला यावी लागली, हे आपण लक्षात घेतलं पाहिजे.

ती जन्मली शहरांमध्ये. १८६२ साली मिलवॉकी शहरात घोड्यांनी ओढायचा बर्फाचा नांगर वापरला गेल्याची नोंद सापडते, आणि पुढच्या काही वर्षांत तो इतर शहरांत पसरला. त्याबरोबर तक्रारीही पसरल्या. घसरगाडीवाले म्हणाले, आमचा रस्ता बिघडवला. दुकानदार म्हणाले, आमच्या दारात ढिगारे घातले. पायी चालणाऱ्यांना तर फुटपाथच उरला नाही. या तक्रारी आजही जशाच्या तशा ऐकू येतात, आणि त्यांचं कारण सोपं आहे. नांगर बर्फ नाहीसा करत नाही. तो एकाच्या वाटेतून उचलून दुसऱ्याच्या वाटेत ठेवतो. कुणाच्या वाटेतून काढायचा आणि कुणाच्या दारात टाकायचा, हा निर्णय चालक पातं डावीकडे वळवतो की उजवीकडे, यातच होऊन जातो.

मार्च १८८८ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जे हिमवादळ आलं, त्यात चारशेहून अधिक माणसं गेली, निम्मी एकट्या न्यूयॉर्कमधली. रॉस्को काँकलिंग हे नामांकित राजकारणी त्या वादळात पायी घरी निघाले, अतिश्रमानं आजारी पडले आणि पुढच्या महिन्यात वारले. घोड्यांचे नांगर त्या राशींपुढं निरुपयोगी ठरले. तेव्हापासून शहरांना कळलं, की बर्फ थांबल्यावर कामाला लागणं म्हणजे उशीर करणं. कुठली गाडी कुठल्या भागात जायची ते आधीच ठरलेलं हवं.

मोटार आल्यावर बाकीचं भराभर झालं. ते आपण फार लांबवणार नाही. १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मोटार-ट्रक या कामाला लागले. १९२० च्या आसपास त्याच राज्यातल्या क्लेटन गावी कार्ल फ्रिंक यांनी ट्रकला जोडायचे नांगर बनवायला घेतले, आणि तिकडे नॉर्वेत ओव्हेरोसेन बंधूंनी १९२३ मध्ये तेच केलं. मॉन्ट्रियलच्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली बर्फ लांब फेकणारं यंत्र आणलं, पण ती वेगळी जात. शोधांचा इतिहास इथं जवळजवळ संपतो. शंभर वर्षांपूर्वीचा नांगर आणि आजचा नांगर शेजारी ठेवले, तर नातं लगेच ओळखू येईल.

आता हे यंत्र जरा जवळून पाहू, कारण खरी गोष्ट त्याच्या सांध्यांमध्ये आहे.

आधी वजनाचा अंदाज घ्या. सात मीटर रुंद रस्ता, एक किलोमीटर लांबी, आणि १५ इंच बर्फ. ताज्या भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला १०० किलो धरलं, तरी ते अडीचशे टनांच्या वर जातं. ओला, दबलेला बर्फ असेल तर दुप्पट-तिप्पट. हा सगळा भार पात्याच्या खालच्या काठावर येतो. म्हणून तिथं एक वेगळी पोलादी पट्टी बोल्टनं बसवलेली असते, आपल्या नांगराच्या फाळासारखी. ती झिजण्यासाठीच असते. झिजली की बदलायची. नाही बदलली, तर डांबर मूळ पात्यालाच खायला लागतं, आणि काही रुपड्यांच्या पट्टीपायी सगळं पातं भंगारात जातं.

पात्यामागं दणकट स्प्रिंगा असतात. बर्फाखाली मॅनहोलचं झाकण दडलेलं असतं, फुटपाथची कड असते. पातं त्यावर आदळलं की स्प्रिंग ताणते, पातं पुढं झुकतं आणि अडथळा ओलांडून पुन्हा उभं राहतं. ही झुकण्याची सोय गंजून अडकली, तर तोच धक्का ट्रकच्या चॅसीला बसतो आणि चालकाच्या मणक्यालाही. पातं वर-खाली, डावी-उजवीकडे करायला हायड्रॉलिक तेलाचा दाब लागतो. तेलात पाणी शिरलं, तर ऐन थंडीत नळीतच त्याचा खडा होतो. रबरी नळ्यांना भेगा जातात. आणि सगळ्यांत कपटी शत्रू म्हणजे मीठ. न्यू हॅम्पशायर राज्यानं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रस्त्यांवर मीठ टाकायचं धोरण म्हणून स्वीकारलं, मग सर्वत्र ते पसरलं. मिठानं रस्ता मोकळा होतो आणि तेच मीठ विजेच्या जोडण्या, पिना, नट-बोल्ट कुरतडत बसतं. रस्ता वाचवणारी वस्तू रस्ता साफ करणाऱ्या यंत्राला खाते. अनुभवी चालक केबिनमध्ये जादा नळी, दोन-चार पिना आणि ग्रीसचा डबा घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही, ते यासाठी.

यातलं एकही काम अवघड नाही. धुणं, वंगण, पट्टी बदलणं, तेल बदलणं, वेल्डिंगच्या भेगा तपासणं. पण ते करायचं कधी? उन्हाळ्यात. जेव्हा बर्फाची आठवणही कुणाला नसते.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं, त्यामुळे इथं हायडेगरला आणल्याशिवाय राहवत नाही. १९२७ च्या ‘बीइंग अँड टाइम’मध्ये त्याचा तो प्रसिद्ध हातोडा आहे. हातोडा नीट चालतो तोवर सुताराला तो दिसतच नाही, त्याचं लक्ष खिळ्यावर आणि कामावर असतं. मोडला की मगच तो वस्तू म्हणून समोर येतो. विचार सुंदर आहे. पण तो हातोडा एकाच माणसाच्या हातात आहे, आणि रोज. शहराचा नांगर वर्षातले आठ-नऊ महिने आवारात पडून असतो. तो मोडलाय हे मेकॅनिकला ठाऊक असतं, पैसे मंजूर करणाऱ्याला नसतं, आणि नागरिकाला तर नांगर आहे की नाही याचीही कल्पना नसते. म्हणजे मोडूनही तो कुणाला दिसत नाही. मग एके दिवशी सगळे मोडके नांगर एकदम दिसतात.

न्यूयॉर्कमध्ये तो दिवस उजाडला ९ फेब्रुवारी १९६९ रोजी, रविवारी. अंदाज पावसाचा होता, पडला बर्फ, सुमारे १५ इंच. महापौर होते जॉन लिंडसे. देखणे, सुधारणावादी, राष्ट्रीय पातळीवर ज्यांचं नाव घेतलं जायचं असे. मॅनहॅटन लवकर सावरलं. क्वीन्स मात्र दिवसेंदिवस बर्फाखाली राहिलं. त्या वादळात शहरात ४२ माणसं मेली, त्यांतली निम्मी क्वीन्समधली. नोबेल मिळालेले, संयुक्त राष्ट्रांतले राल्फ बंच तिथंच राहत होते. त्यांनी महापौरांना संतापून तार केली, की आमच्याकडे नांगर फिरकलेलाच नाही. लिंडसे भेटीला निघाले, तर त्यांची मोटारच बर्फात अडकली, आणि पुढं लोकांनी हुर्यो उडवून त्यांचं स्वागत केलं.

नंतर जे आकडे बाहेर आले, त्यांतला एक आपल्या विषयाचा गाभा आहे. शहराच्या बर्फ हटवण्याच्या यंत्रसामग्रीपैकी जवळपास ४० टक्के यंत्रं देखभालीअभावी बंद होती. तिथं नांगर कचरागाड्यांनाच लावतात. गाडी नादुरुस्त, की नांगरही गेला.

लिंडसे पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरले, पण दुसऱ्या पक्षाच्या चिन्हावर उभे राहून नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडून आले. प्रचारात त्यांनी दूरचित्रवाणीवर कबुली दिली, ती फार बोलकी आहे. हवामानाचा अंदाज चुकला, ही आपली चूक, असं ते म्हणाले. धाडसाची कबुली म्हणून तिचं कौतुक झालं. पण नीट ऐका: कबूल केला तो अंदाज. त्या ४० टक्क्यांचा उल्लेख नाही. आकाशाबाबत चुकणं माणसाला शोभून दिसतं. ग्रीसबाबत चुकलो, असं कोण म्हणेल?

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: योगक्षेम. मुंबईत एलआयसीच्या मुख्य इमारतीचं हेच नाव आहे, आणि आपण बोलताना ‘योगक्षेम चालणं’ म्हणजे पोट भरणं एवढाच अर्थ घेतो. जुन्या भाष्यकारांनी तो फोडून सांगितलाय. नाही ते मिळवणं म्हणजे योग. मिळालंय ते राखणं म्हणजे क्षेम. नवा नांगर विकत घेणं हा योग. त्याचे फोटो निघतात, फीत कापली जाते. क्षेमाला फोटो नसतो, कारण त्याचं फळ अभावरूप आहे. नैयायिकांच्या भाषेत बोलायचं, तर घटना घडण्यापूर्वी तिचा जो अभाव असतो तो प्रागभाव. मेकॅनिक काय करतो? नळी फुटण्याचा प्रागभाव लांबवत राहतो. न फुटलेल्या नळीबद्दल कुणाचा सत्कार करणार?

दहाच वर्षांनी, जानेवारी १९७९ मध्ये, शिकागोवर आधीच्या थरावर सुमारे २० इंच बर्फ पडला. रस्ते तुंबले, आणि महापौर मायकेल बिलँडिक यांच्या कारकिर्दीत वाहतूक मंडळानं काही लोकलगाड्या मधल्या स्थानकांवर न थांबता पुढं न्यायला सुरुवात केली. ती स्थानकं बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांमधली होती. २७ फेब्रुवारीच्या प्राथमिक निवडणुकीत जेन बर्न यांनी बिलँडिकना हरवलं आणि पुढं त्या शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. इथं नुसता बर्फ नडला, असं म्हणणं आम्हाला अपुरं वाटतं. क्वीन्स काय, शिकागोतल्या त्या वस्त्या काय, साधनं तोकडी पडली की आधी कुणाला वगळायचं हे लोकांना त्या आठवड्यात लख्ख दिसलं. मोडका नांगर सगळ्यांसाठी सारखा मोडत नाही. उरलेले चालू नांगर कुठं पाठवले, ते पाहावं लागतं.

डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कवर पुन्हा तसंच वादळ आलं, पुन्हा बाहेरच्या भागांतले रस्ते अडून राहिले, पुन्हा आरडाओरडा झाला. त्यानंतर गाड्यांना जीपीएस लावलं, आणि आता आपल्या गल्लीतून नांगर शेवटचा कधी गेला हे नागरिकांना घरबसल्या नकाशावर पाहता येतं. चांगली सोय आहे. त्या गाडीची पट्टी किंवा नळी शेवटची कधी बदलली, ते मात्र त्या नकाशावर नाही. ती नोंद गॅरेजमधल्या वहीतच असते, आणि ती पाहायची तर जुलैमध्ये जायला हवं.

इथं थांबू या. प्रश्न असतील तर घेऊ.