हळदीची तपासणी

हळदीची तपासणी : हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याने तिच्या नावाची पत वाढली असली, तरी ती पत टिकवणे हे तपासणीवरच अवलंबून आहे. हळकुंडे शिजवून व वाळवून ड्रममध्ये पॉलिश करताना रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे पिवळेजर्द संयुग, चोळण्याचा अपप्रकार दक्षिण आशियात अनेक ठिकाणी आढळला असून, शिसे शरीरात साठून मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा करते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार हळदीत लेड क्रोमेट मुळीच चालत नाही. मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाची भेसळ मात्र घरीही पारखता येते : हळदपूड पाण्यात कालवून हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकल्यावर आलेला गुलाबी रंग आणखी पाणी घातल्यावरही टिकला, तर भेसळीचा दाट संशय घ्यावा. शिशाचे प्रमाण मात्र प्रयोगशाळेतच कळते. म्हणून बाजार समितीच्या आवारानजीक अशा तपासणीची सोय असणे ही शेतकऱ्याच्या घामाची आणि खाणाऱ्याच्या आरोग्याची सारखीच राखण ठरते.