ताटांतलें गोड आणि मुलांचे दांत

लोणावळ्याला लागून, घाटमाथ्यावर, कुसगांव नांवाचें मावळांतलें गांव आहे. पुण्यामुंबईच्या वाटेनें जाणाऱ्या प्रवाशाला तें क्वचितच नांवानें ठाऊक असतें. शेजारचें लोणावळें मात्र सर्वांस ठाऊक असतें, आणि तें बहुधा चिक्कीमुळें. मुलांच्या दांतांविषयीं बोलावयाचें ठरवून मी एकदम चिक्कीवर कसा आलों, असें आपणांस वाटेल. पण मुलांच्या दांतांचा इतिहास हा पुष्कळ अंशीं गोड पदार्थांच्या प्रवासाचा इतिहास आहे, आणि त्या प्रवासाचा एक टप्पा ह्या घाटांत अगदीं डोळ्यांसमोर दिसतो.

मावळचें जुनें अन्न साधें होतें. भात, नाचणीची भाकरी, वरई, डाळ, रानांतली पालेभाजी, घरीं दुभतें असल्यास ताक आणि उन्हाळ्यांत करवंदें व जांभळें. ह्यांतली नाचणी दांतांच्या दृष्टीनें मोलाची आहे. शंभर ग्रॅम नाचणींत तीनशें मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें. सडलेल्या तांदळांत तें त्या मानानें फारच थोडें. गोड पदार्थ मुलांना मिळत नसत असें नव्हे. संक्रांतीचा तिळगूळ होता, पाडव्याची साखरगांठ होती, जत्रेंतली रेवडी होती. पण गोडाला दिवस नेमलेला होता आणि जागाही नेमलेली होती. पुरणपोळी ताटांत वाढली जाई, जेवणाबरोबर संपे, आणि पानावरून उठल्यावर चूळ भरावयाची हा घरोघरचा शिरस्ता होता.

एवढ्यावरून जुना काळ सोन्याचा होता असें मात्र कोणीं समजूं नये. ह्याच पुणें जिल्ह्याच्या पूर्वेस, शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ ह्या काळांत उत्खनन केलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वीं तेथील लोक आपलीं मृत बालकें दोन रांजणांचीं तोंडें एकमेकांस जोडून, त्यांत ठेवून, घराच्या जमिनीखालीं पुरीत असत. त्या बालकांच्या दुधाच्या दांतांचा अभ्यास जॉन ल्यूकाक्स व सुभाष वाळिंबे ह्यांनीं केला. कित्येक सुळ्यांच्या लुकणावर त्यांना खळगे आढळले. दुधाच्या दांतांचें लुकण आईच्या पोटांतच घडूं लागतें आणि पहिल्या वर्षाच्या आंत पुरें होतें. तेव्हां ते खळगे म्हणजे आई व तान्हें मूल ह्यांनीं सोसलेल्या हालअपेष्टांची न पुसलेली नोंदच होय. कारखान्याची साखर ज्यांनीं कधीं पाहिलीही नाहीं, त्यांचेही दांत उपासमारीनें व आजारानें दुबळे होऊं शकत. दांताची राखण मूल जन्मण्यापूर्वीं, आईच्या ताटांत सुरू होते, हा त्या रांजणांनीं दिलेला पहिला धडा.

आतां पुन्हां घाटांत येऊं. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी १८५८ सालीं आली, परंतु बोरघाटाचा चढ १८६३ पर्यंत खुला झाला नाहीं. ऐन कामाच्या काळांत तेथें चाळीस हजारांवर मजूर राबत होते, आणि रोगराईनें व अपघातांनीं त्यांतले कितीतरी दगावले. ह्याच मजुरांसाठीं गूळ, शेंगदाणे व तूप ह्यांची 'गुडदाणी' करून विकण्यांत येऊं लागली, आणि तिचीच पुढें चिक्की झाली, अशी हकीकत लोणावळ्यांत सांगतात. दगड फोडणाऱ्या माणसाला तें उत्तम अन्न होतें, ह्यांत शंका नाहीं. पण येथें एक गोष्ट घडली. गोड पदार्थ ताटांतून उठला आणि खिशांत गेला. त्याला आतां सणाची गरज उरली नाहीं आणि जेवणाचीही नाहीं.

पुढें साखर स्वस्त झाली. १९३२ सालीं साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला, आणि थोड्याच वर्षांत देशांतील कारखाने सुमारें तिसांवरून शंभराच्या वर गेले. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या खटपटीनें प्रवरेच्या कांठीं सहकारी कारखाना उभा राहिला. शेतकऱ्यास त्यानें बळ दिलें, हें खरेंच. पण घरांत साखर मुबलक झाली. चहा आला, गोळ्या आल्या, बिस्किटें आलीं. २००२ सालीं द्रुतगती महामार्ग पुरा झाला. आज कुसगांवच्या मुलाला खाऊसाठीं जत्रेची वाट पाहावी लागत नाहीं; पुडा दुकानांत टांगलेलाच असतो.

ह्यांत बिघडलें काय, तें शास्त्रानें सावकाश उलगडलें. तोंडांतले जंतू साखरेचें आम्ल करतात आणि तें आम्ल दांत पोखरतें, हें मिलर ह्यांनीं १८९० सालीं मांडलें. साखर तोंडांत गेल्यावर कांहीं मिनिटांतच आम्ल वाढतें, आणि तें शमावयास अर्धा तास किंवा अधिक लागतो, हें स्टीफन ह्यांनीं १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत मोजून दाखविलें. ह्या अवधींत लाळ झीज भरून काढूं पाहते. पण मूल तासातासाला गोड चघळूं लागलें तर तिला उसंतच मिळत नाहीं.

स्वीडनमध्यें व्हिपेहोल्म येथील रुग्णालयांत १९४५ पासून ह्याची परीक्षा झाली. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेनें दांतांची हानि थोडी झाली. जेवणांच्या मधल्या वेळीं खाल्लेल्या चिकट टॉफीनें ती फार झाली. हें ज्ञान ज्यांच्या दांतांच्या मोलानें मिळालें, ते रुग्ण बौद्धिक दृष्ट्या दुर्बल होते, आणि त्यांची संमति कोणीं घेतली नव्हती. त्या प्रयोगाची लाज स्वीडनला आजही वाटते. पुढें तेथें मुलांना मिठाई फक्त शनिवारीं द्यावी, असा प्रघात पडला. आमच्या आज्यांनीं सणाला जी मर्यादा घातली होती, तीच दुसऱ्या वाटेनें तेथें पोंचली.

म्हणून, श्रोतेहो, चिक्कीला दोष देऊं नका. आणलीत तर ती जेवणानंतर द्या, आणि वर चूळ भरावयास लावा. तान्ह्या मुलाला साखर घातलेली दुधाची बाटली तोंडांत देऊन निजवूं नका. रात्रीं लाळ कमी होते आणि साखर दांतांशीं तशीच राहते. गरोदर स्त्रीच्या ताटांत नाचणी, डाळ, दूध व पालेभाजी असूं द्या. मधल्या वेळीं मूल भुकेलें तर त्याला भाकरी, फुटाणे किंवा फळ द्यावें. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागें येणारी पहिली दाढ ही दुधाची नसते. ती जन्मभराची असते. पुष्कळ घरांत ती पडून पुन्हां येईल अशा समजुतीनें दुर्लक्षिली जाते, आणि एकदां किडली कीं तिच्या जागीं दुसरी येत नाहीं.